पेटती ट्यूब उतरवताना

घरातली ट्यूब कोणी पेटत असताना बदलत नाही. ती फडफडू लागते, तिची टोके काळवंडतात, स्टार्टर दोनदा फिरवून पाहिला जातो, आणि ती अजिबात लागेनाशी झाली म्हणजे मग स्टूल पुढे ओढले जाते. समुद्री मत्स्यालयावरची ट्यूब मात्र स्वच्छ पेटत असतानाच उतरवावी लागते. काटकसर अंगी मुरलेल्या घरात हे पटवून देणे कठीण. डोंबिवली पूर्वेतील एका गृहस्थाला ते वर्षातून एकदा आपल्या आईला पटवून द्यावे लागे.

त्याची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच. पाणी सुमारे अडीचशे लिटर. खाडी जवळच असली तरी तिचे गढूळ पाणी या कामाचे नव्हे. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवून तो घरीच समुद्र करी. आत खडकांची रास, क्लाउन माशांची जोडी आणि एक समुद्रफूल. प्रवाळ त्याने ठेवले नव्हते. खडक रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत, आणि ते विकत घेणे हा गुन्हा आहे. याच कायद्यामुळे मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम चालू असता, २०२० साली, हाजी अली व वरळीच्या खडकांवरील १८ प्रवाळ-वसाहती परवानगी घेऊन, जपून उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. आपल्या ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुमाची, म्हणजे प्रवाळाची, गणना स्फटिक-रत्नांसोबत पृथ्वीकायात केलेली आहे. त्यामुळे प्रवाळात जीव आहे हे त्या घरात कोणाला नव्याने सांगावे लागले नाही.

टाकी घरात आली तेव्हा आई नाराज होती. समुद्रातला जीव काचेत कोंडून कोणते सुख, असा तिचा साधा प्रश्न होता, आणि त्याला मुलाकडे समाधानकारक उत्तर नव्हते. अखेर तिने एकच अट घातली. “अरे, आणलास तर आणलास. पण त्याला भरवायला कोळंबी-बिळंबी या घरात येणार नाही.” समुद्रफूल पाळणारे बहुतेक लोक त्याला आठवड्याला कोळंबीचा तुकडा देतात. या घरात ते शक्य नव्हते. माशांच्या डबाबंद कोरड्या खाद्यात काय असते हे आईने विचारले नाही. त्याला मात्र ते ठाऊक होते, आणि डबा तो फडताळाच्या मागच्या बाजूस ठेवी.

या अटीमुळेच ट्यूबचा प्रश्न इतका मोठा झाला. समुद्रफुलाच्या शरीरात, प्रवाळाप्रमाणेच, सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. माशांच्या उत्सर्गातून त्या शैवालाला खत मिळते. प्रकाश पुरेसा असेल तर समुद्रफूल हाताने न भरवताही वर्षानुवर्षे टिकते. तो कमी पडला की हळूहळू आक्रसत जाते. सूर्यास्तापूर्वी ज्या घरातील जेवणे उरकत, त्या घरात टाकीवरचा दिवस रात्री साडेनऊपर्यंत चाले, कारण गृहस्थ कामावरून परते तोवर बाहेर काळोख पडलेला असे आणि त्याला टाकी पाहायची असे. सकाळी साडेअकराला टायमर ट्यूबा लावी. ५४ वॉटच्या चार ट्यूबा रोज दहा तास, म्हणजे महिन्याला सुमारे ६५ युनिट. वीजबिलात ते दिसे.

ट्यूबा निवडण्यात त्याने पहिले दोन महिने घालवले. घरातली रुंद ट्यूब २६ मिलिमीटर व्यासाची. टाकीवर लागते ती टी-फाइव्ह, १६ मिलिमीटरची, आणि तिच्या मागे बसवलेले चकचकीत परावर्तक पत्रे तिच्याइतकेच महत्त्वाचे. मग रंग. घरगुती पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची असते. समुद्री टाकीसाठी १०००० केल्विनची पांढरी आणि तिच्या जोडीला ‘ॲक्टिनिक’ निळी वापरतात. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो, म्हणून त्या खोलीवरच्या शैवालाला निळ्याची सवय असते. त्याने दोन पांढऱ्या आणि दोन निळ्या घेतल्या. सगळ्या निळ्या लावल्या तर टाकी अधिक देखणी दिसते. पण मत्स्यालये सजवणाऱ्यांची ती हौस त्याला नाटकाच्या रंगमंचासारखी वाटे, आणि या बाबतीत तो बरोबरच होता.

ट्यूबच्या आत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून निघणारा अतिनील प्रकाश काचेच्या आतल्या लेपावर पडतो आणि तो लेप दृश्य प्रकाश देतो. लेप रोज थोडा थकतो, त्यातही निळा रंग देणारा घटक इतरांच्या आधी. डोळ्याला हे कळत नाही. उजेड महिन्याला दोन-अडीच टक्क्यांनी ओसरला तर बुबुळ तेवढेच सावकाश उघडते आणि टाकी कालच्यासारखीच दिसते. मोबाइलवरचे प्रकाशमापक माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेले असते, त्यामुळे निळ्याला ते कमी लेखते. तरी तीच ट्यूब, तीच जागा आणि तोच मोबाइल असेल तर महिन्या-महिन्याची तुलना उपयोगी पडते. तो दर पहिल्या तारखेला दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, आकडा लिहून ठेवी. साधारण वर्षभरात ट्यूब बदलायची, असा या छंदातल्या लोकांचा परिपाठ आहे. ट्यूबच्या टोकाला चिकटपट्टी लावून तिच्यावर तो तारीख घाली.

नव्या ट्यूबा आणायला मुंबई गाठावी लागे. चार फुटांची बोटाएवढी जाड काचेची नळी डोंबिवलीच्या लोकलमधून आणायची म्हणजे गर्दीची वेळ टाळणे आले. दोन इंची प्लास्टिक पाइपात वर्तमानपत्राच्या घड्या घालून, दोन्ही तोंडे चिंध्यांनी बंद करून, दुपारच्या गाडीने, मालडब्यात टोपल्यांच्या शेजारी उभे राहून तो त्या आणी.

२०२० च्या मार्चअखेर त्याला जायचे होते. २३ मार्चपासून लोकल थांबल्या.

एप्रिलमध्ये दिनदर्शिकेतला आकडा पाऊणपट उरला होता. मे महिन्यात एके सकाळी समुद्रफूल आपल्या खडकावर नव्हते. ते काचेला चिकटून उजेडाच्या दिशेने वर सरकत होते. रंगातला तपकिरी गडदपणा उतरून ते फिकट आणि ताणलेले दिसत होते. मासे मात्र जुन्या जागी रिकाम्या खडकाभोवती घिरट्या घालत होते. समुद्रफूल असे भटकू लागले की पाण्याच्या मोटारीत खेचले जाऊन त्याचे तुकडे होण्याचा धोका असतो, म्हणून त्याने आधी मोटारीच्या तोंडाला स्पंज बांधला. मग जे हाती होते ते केले: परावर्तकांवरचा क्षारांचा पांढरा थर पुसला, वरची काच रोज धुतली, दिव्यांची चौकट पाण्याच्या चार बोटे जवळ आणली. चौकट खाली आली तशी टाकी तापू लागली. मेचा उकाडा होताच. आईने पदर खोचून जुना टेबलपंखा माळ्यावरून काढून दिला आणि त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला. पाणी उडून जाई तेवढे गोडे पाणी रोज सकाळी घालण्याचे काम तिने आपणहून घेतले. कोळंबीचा विषय मुलाने काढला नाही, आणि तिनेही नाही. पण त्या दिवसांत स्वयंपाकघरातून टाकीकडे जाताना ती थांबून पाही.

ठाण्यात त्याचे एक वडीलधारे स्नेही होते, या छंदात त्याच्याहून जुने. त्यांच्याकडे एक पांढरी आणि एक निळी ट्यूब कोरी पडून होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रस्ते थोडे मोकळे झाले तेव्हा तो स्कूटरवरून शीळफाट्यामार्गे ठाण्याला गेला. पाइप त्याने स्कूटरच्या कुशीला दोरीने बांधला. स्नेह्यांनी इमारतीच्या फाटकातूनच, तोंडावर रुमाल बांधून, ट्यूबा हाती दिल्या आणि बजावले, “एकदम पूर्ण उजेड देऊ नकोस हं. उपाशी माणसाला जेवायला वाढतात तसं, थोडं थोडं.” जुलैच्या आरंभी दोन्ही शहरांत पुन्हा कडक टाळेबंदी आली, तोवर काम झाले होते.

हा इशारा मोलाचा होता. मंद प्रकाशाला सरावलेल्या शैवालावर एकाएकी प्रखर उजेड पडला तर त्याच्या पेशींत विषारी ऑक्सिजन साचतो, समुद्रफूल ते शैवाल बाहेर टाकते आणि स्वतः पांढरेफटक होते. अंधाराने जेवढी हानी होते तेवढीच घाईच्या उजेडाने. त्याने आधी एकच ट्यूब बदलली. दुसरी दोन आठवड्यांनी. टाकीवर मच्छरदाणीच्या कापडाचे तीन पदर टाकले आणि दर पाच दिवसांनी एक पदर काढला. शेवटचा पदर निघाला तेव्हा समुद्रफूल काचेवरून उतरून मधल्या खडकाच्या कपारीत बसले होते, जुन्या जागेपासून वीतभर दूर. जोडीतला मोठा मासा आधी गेला, धाकटा दुसऱ्या दिवशी.

अशा ट्यूबांचे आता फार दिवस उरलेले नाहीत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत लांब ट्यूबांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले आहे, आणि कुर्ल्याच्या रविवारच्या मासळीबाजारातही एलईडीचाच झगमगाट दिसतो. ट्यूबचा उजेड लांबीभर सारखा पसरतो, सावल्या कठोर पडत नाहीत, ही तिची खरी थोरवी. एलईडी ठिपक्यांतून येतो, पण वीज कमी खातो आणि वर्षाला बदलावा लागत नाही. त्याने सध्या मधल्या दोन ट्यूबा काढून तिथे एलईडीची पट्टी बसवली आहे. ती तीस टक्क्यांवर सुरू केली असून दर आठवड्याला पाच टक्के वाढवायचे ठरले आहे. वाढवण्याचा दिवस आई लक्षात ठेवते.

उतरवलेल्या ट्यूबा कचऱ्यात टाकायच्या नसतात. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि खाडीकाठच्या आधारवाडीवर शहराने वर्षानुवर्षे सगळेच टाकले आहे. २०१६ च्या नियमांपासून असे दिवे ई-कचऱ्यात मोडतात. त्याच्याकडच्या अकरा ट्यूबा, टोकाला तारखा असलेल्या, त्याच पाइपात आणि आणखी एका पाइपात कपाटामागे उभ्या आहेत. सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येईल त्या दिवशी खाली न्यायच्या.