प्लग फेकण्याआधी

“मशीन चालू होयना, प्लग गेलो वाटता.” ऑगस्ट लागला की मालवणात माझा फोन याच वाक्याने वाजतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या आणि आउटबोर्ड मशीन पडवीत गोणपाटाखाली. टाकीतलं पेट्रोल तेवढ्यात शिळं होतं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरतो आणि नाव मात्र प्लगचं. नवा घालतात, तोही काळा पडतो, मग दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून भांडण. (डुप्लिकेट प्लग बाजारात असतात, ही गोष्ट वेगळी.)

आधी मशीन बंद करणाऱ्या स्विचची ती लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का बघा. ती निघाली असेल तर खांदा निखळेपर्यंत रस्सी ओढली तरी काही होणार नाही. मग दोन्ही प्लग काढा आणि वरचा कुठला, खालचा कुठला हे विसरू नका. टोक फिकं तपकिरी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. चिकट काळं ओलं असेल तर ऑइल जास्त पडलंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक सगळ्यात वाईट: मशीन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय किंवा थंड करणारं पाणी चढत नाही. अशा वेळी नवा प्लग घालून समुद्रात जाणं म्हणजे पिस्टनला भोक पाडून घेणं.

देवबागच्या एका होडीचा वरचा प्लग तपकिरी होता, खालचा धुऊन काढल्यासारखा लख्ख. मालक खूश, “ह्यो बघा, किती साफ!” त्या लख्ख टोकावरचा थेंब मी बोटावर घेतला. पेट्रोल असतं तर पटकन उडालं असतं. तो तसाच राहिला आणि वाळल्यावर बोटावर मिठाची पांढरी कड उमटली. हेड गॅस्केट खाल्लं होतं. सिलिंडरमध्ये खारं पाणी शिरत होतं आणि त्याची वाफ प्लग घासत होती.

रॉकेलवरच्या मशीनची खोड निराळी. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर घेतात, पण बंद करताना परत पेट्रोलवर यायचा कंटाळा. कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं आणि सकाळी प्लग ओला.

करंट बघायचा तर प्लग टोपीत घालून त्याचे आटे इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. तिथे पेट्रोलची वाफ असते. हातात धरू नका. टोपी अधांतरी ठेवून रस्सी ओढलीत तर सीडीआय युनिट जाऊ शकतं, आणि ते प्लगच्या किमतीत येत नाही. शिवाय बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणून आत दाबाखाली ती पडेलच असं नाही. म्हणून मी दोन्ही प्लगांची अदलाबदल करतो. सिलिंडरचं चुकणं (मिसिंग) प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर प्लग खराब. जागचं हललं नाही तर टोपी, कॉइल, कार्बोरेटर बघा.

जाळं सोडताना मशीन तासन् तास मंद चालतं. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तरच काजळी जळते, तेवढं ते तापतच नाही. यावर कुणीतरी गरम प्लग सुचवतो. एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा मोठा तितका प्लग थंड, चॅम्पियनचं नेमकं उलट, त्यामुळे इथे गोंधळ ठरलेला. मी मात्र कंपनीने सांगितलेलाच प्लग घालतो आणि मधूनमधून मशीन थोडा वेळ जोरात पळवायला सांगतो. गरम प्लग परतीच्या वाटेवर फुल थ्रॉटलला घात करतो.

पॉलिश पेपरने घासलेला प्लग मी परत बसवत नाही. वाळूचा कण आत गेला तर सिलिंडरला ओरखडे. बसवताना आटे बोटांनीच लावा, हेड ॲल्युमिनियमचं असतं. नवा वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. एनजीकेच्या नंबरशेवटी १० असेल तर गॅप १.० मिमी. दोन सुटे प्लग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि प्लग पाना होडीला दोरीने बांधा. देवबागच्या खाडीत किती पाने पडले असतील, ते खेकड्यांना ठाऊक.