एक खाणावळ म्हणजे तीन एकर भात

लावणी उरकली, पहिली बेणणी पण झाली. पाऊस लागून राहिलाय, त्यामुळं आज खाचरातली नोंद नाही, ताटातली आहे. पण भाताशीच संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

कामानिमित्त बाहेरगावी गेलो की मी हॉटेलात जेवत नाही, खाणावळ शोधतो. चांगली खाणावळ ओळखायला सोपी असते. बाहेर टेम्पो, रिक्षा, सायकली लागलेल्या पाहिजेत. फळ्यावर खडूनं तीन-चारच ओळी पाहिजेत, कारण रोज चार पदार्थ करणारीचं सगळं त्याच दिवशीचं असतं. आणि जेवणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी मालकीण नावानं ओळखत असली पाहिजे. ज्याला रोज तोंड दाखवायचं त्याला कुणी शिळं वाढत नाही.

लोणावळा म्हणलं की लोकांना चिक्की, वडापाव आन् बंगले आठवतात. पण हे राबणाऱ्या माणसांचं पण गाव आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली, तेव्हापासून इथं रेल्वेची माणसं आहेत. गँगमन, हमाल, बंगल्यांवरचे माळी आन् वॉचमन, दुकानातली पोरं, ड्रायव्हर. ही माणसं दोनशे-अडीचशेची थाळी खात नाहीत. त्यांच्यासाठी बाजारपेठेच्या मागच्या गल्ल्यांत अजून खाणावळी टिकून आहेत.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या हॉटेलात तांदळाचा नमुना दाखवायला गेलो होतो. कामशेतवरून लोकल पकडली, मळवली झालं की लोणावळा. हॉटेलवाल्यानं तांदूळ हातात घेतला, वास घेतला, छान म्हणला. मग म्हणला, पैसे साठ दिवसांनी. आमच्या इंद्रायणीच्या गावात त्याच्याकडं भात शिजतो तो बासमतीचा. इंद्रायणी फक्त 'गावरान थाळी'ला. म्हणलं ठीक आहे, विचार करतो. आणि बाहेर पडून जेवायला गेलो.

पाच टेबलांची खाणावळ. ताट नव्वद रुपये. त्यात तांदळाच्या दोन भाकरी, टाकळ्याची भाजी, मटकीची उसळ, आमटी, भात, कांदा, लोणचं. जादा भाताचे पैसे नाहीत. चालवणाऱ्या मावशी पवन मावळातल्या, त्यामुळं भाकरी आपल्या घरच्यासारखी, पातळ आणि पांढरीफेक. पण भात तोंडात घातला आणि कळलं, ही नुसती इंद्रायणी नाही. वास होता, पण अर्धा. एक शीत चिकट, एक शीत फडफडीत. दोन वाणांचा मेळ शिजताना कधीच लपत नाही.

गर्दी कमी झाल्यावर विचारलं, "मावशी, तांदूळ कुठून घेता?"

"दुकानातून. पोत्यावर इंद्रायणी लिहिलंय, अठ्ठावन्नचा दर. का हो भाऊ, कमी हाय का काही?"

"भेसळ आहे."

"मला ठाऊक हाय ना. रोज दहा किलो शिजवते मी. कधी पाणी जास्त लागतं, कधी भाताचा गोळा होतो. पण दर महिन्याला सारखा माल देणारा दुसरा कोण हाय?"

मग तिथंच वहीचं मागचं पान घेऊन हिशोब मांडला. तो तुमच्यासाठी जसाच्या तसा देतो.

दहा किलोत ऐंशी ताटं होतात, जादा भात धरून. म्हणजे ताटाला सव्वाशे ग्रॅम तांदूळ. मी चौसष्टचा दर सांगितला. किलोला सहा रुपये जास्त, म्हणजे ताटाला फक्त पंच्याहत्तर पैसे. मला वाटलं, पंच्याहत्तर पैशात काय अडतंय! मावशींनी बोटांवर मोजलं. "दिवसाला साठ रुपये. रविवारी बंद, म्हणजे महिन्याचे सव्वीस दिवस. पंधराशे साठ. माझा गॅसचा एक मोठा सिलिंडर जवळजवळ त्यात येतो. आन् ताट पंच्याण्णव केलं तर हमाल लोक दोन दिवसांतनं एकदा येतील, बाकी दिवशी वडापाव खातील."

यावर बोलायला काही नव्हतं. आपल्या मालाला दर मिळाला पाहिजे हे खरंच आहे. पण तो दर शेवटी हमालाच्या खिशातून येणार असेल तर त्याच्या पण खिशाला बूड आहे.

मग उलट्या बाजूनं मांडलं. मावशींचा अठ्ठावन्नचा दर हलवायचाच नाही, तर मला काय उरतं? माझा भात गेल्या हंगामात खळ्यावरून सव्वीस रुपयांनी गेला. एक क्विंटल भाताचे २६०० रुपये. तोच भात गिरणीत नेला तर मला बासष्ट किलो चांगला तांदूळ पडतो. अठ्ठावन्ननं ३५९६ रुपये. गिरणी, पोती, वाहतूक मिळून चारशे रुपये काढा. राहिले ३१९६. म्हणजे क्विंटलमागं सहाशेच्या आसपास जास्त. शिवाय कणी घरी राहते आणि कोंडा जनावरांना. ताटाचा दर एक पैसा न वाढवता सहाशे रुपये आपल्याकडं येऊ शकतात.

आता यातल्या अडचणी. त्या न सांगता पुढं गेलो तर ही नोंद अर्धवट राहील.

पहिली अडचण, मावशींना तांदूळ जुना पाहिजे. नवा तांदूळ चिकट शिजतो आणि कमी फुगतो. पाच-सहा महिने ठेवलेला तांदूळ पाणी जास्त धरतो, मोकळा होतो आणि तेवढ्याच वजनात पातेलं जास्त भरतं. शहरातल्या गिऱ्हाईकाचं उलटं असतं. त्याला वास पाहिजे, म्हणजे नवा तांदूळ पाहिजे. कारण सुगंधी तांदळातला जो मुख्य घटक, २-असेटिल-१-पायरोलीन, तो उडून जाणारा आहे, साठवणीत कमी होत जातो. म्हणून वासाचा माल दिवाळीनंतर लगेच शहरात, आणि भरीचा माल होळीनंतर खाणावळीत. एकाच खाचरातला भात, पण दोन गिऱ्हाईकं आणि दोन वेळा.

दुसरी अडचण, थांबण्याची ताकद. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. ज्याच्या घरात दुसरा पैसा नाही, तो भात सहा महिने ठेवू शकत नाही. म्हणून सगळा माल अडकवू नका. मी पाचवा हिस्सा ठेवायचं ठरवलंय.

तिसरी अडचण मोठी आहे. मावशींना महिन्याला २६० किलो तांदूळ लागतो. वर्षाला ३१२० किलो. बासष्ट टक्के उतारा धरला तर त्याला पन्नास क्विंटल भात लागतो. आमच्याकडं एकरी अठरा क्विंटल धरलं तर पावणेतीन-तीन एकर झाले. पाच टेबलांची एक खाणावळ म्हणजे तीन एकर इंद्रायणी! एकट्याचं काम नाही. म्हणून आम्ही नाणे मावळातले चौघं मिळून हे करतोय. प्रत्येकानं वर्षातले तीन महिने सांभाळायचे.

चौघांचा माल एकसारखा शिजायला पाहिजे, नाहीतर दुकानदारात आन् आपल्यात फरक काय? इंद्रायणी हा वाण आपल्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचा, १९८७ चा. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आंबेमोहराचा वास घेतला, त्याचं लोळणं सोडलं आणि उतारा वाढवला. तो गुण टिकवायचा असेल तर घरचं बी वर्षानुवर्षं फिरवत बसून चालत नाही, आणि शेजारच्या खाचरातल्या वाणाची मिसळ बियात येऊ द्यायची नाही.

आम्ही चौघांनी ठरवलेलं असं आहे :

बी चौघांनी एकाच ठिकाणाहून आणलंय. फुलोऱ्यात आणि कापणीआधी अशा दोन वेळा फिरून उंच, बुटकी, वेगळ्या लोंबीची झाडं मुळासकट उपटायची.

कापणीनंतर भात एकदम कडक उन्हात टाकायचा नाही. दाण्याला तडा जातो आणि गिरणीत कणी वाढते. पातळ थर करून, हलवत, हळूहळू वाळवायचा. ओल बारा-तेरा टक्क्यांवर आली की मगच पोत्यात.

साठवायचा तो भात, तांदूळ नाही. टरफलात दाणा जास्त सुरक्षित राहतो. गिरणीतून महिन्याच्या गरजेपुरताच काढायचा. पोती जमिनीला आणि भिंतीला लागू द्यायची नाहीत, पंधरा दिवसांनी सोंडकिडा बघायचा.

प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो आधी घरी शिजवायचा, पाण्याचं माप लिहून ठेवायचं. मावशींना पोत्याबरोबर ते माप सांगायचं.

पैसे पोतं उतरवल्यावर रोख. ही अट मावशींनीच आधी सांगितली. "मी उधारीवर जेवू घालत नाही, तर उधारीवर तांदूळ कशाला घेऊ?"

कृषी खात्यातले आणि संशोधन केंद्रातले बरेच साहेब हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. वाणाचा प्रयोग घेताना एकरी उतारा, रोग, कालावधी हे तुम्ही बघताच. त्याबरोबर एक प्रयोग खाणावळीच्या पातेल्यात पण घ्या. दहा किलोचं पातेलं आणि घरातलं वाटीभर तांदळाचं भांडं यात भात वेगळा वागतो. सकाळी अकराला शिजवलेला दुपारी अडीचला कसा राहतो, हे त्या बाईला माहीत असतं. तिची नोंद कुणी घेत नाही.

आणि शेतकरी मित्रांनो, पुढच्या वेळी तालुक्याला, बाजाराला, कोर्टाला गेलात की एक वेळ खाणावळीत जेवा. जेवून झाल्यावर तांदूळ, ज्वारी, हुलगा कुठून येतो ते विचारा. रोज किती लागतो ते विचारा. उत्तर वहीत लिहा आणि घरी येऊन एकरात मांडा. आपलं गिऱ्हाईक किती जवळ आहे ते कळेल.

पाऊस उघडला की खतमात्रेची नोंद टाकतो. राम राम.