वडिवळ्याची मुरमाड वाट

कामशेतची बाजारपेठ मागे पडली आणि सायकल नाणे गावाच्या दिशेने वळली, की महामार्गाचा अखंड घोष हळूहळू विरू लागतो. दोन्ही बाजूंना भातखाचरे, बांधावर आंबा-जांभळाची झाडे आणि समोर सह्याद्रीची निळसर भिंत. मावळ तालुक्याचे पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ असे तीन भाग जुन्या काळापासून मानले जातात. त्यांतील नाणे मावळात कुंडली नदीवर वडिवळे धरण आहे. त्याच्या जलाशयाच्या आसमंतात गेली सहा वर्षे, पावसाळा सरला की महिन्यातून दोन रविवार मी आणि माझी पत्नी सायकलीवरून फिरतो. त्या भटकंतीने मला आनंद तर दिलाच. एका सकाळी तिने मला सावधही केले. ती हकिकत वाचकांना सांगावी, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांना, म्हणून हा लेख.

मोसमाविषयी प्रथम सांगतो. आषाढ-श्रावणात येथील वाटा चिखलाच्या असतात, ओढे अकस्मात फुगतात आणि डोंगरउतारावरून दगडमाती खाली येते. तेव्हा लांबूनच दर्शन घ्यावे. दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहराच्या संकरातून काढलेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ हे या भूमीचे भूषण. त्या दिवसांत खाचरांजवळून जाताना येणारा गंध शब्दांत धरता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सायकलसाठी सर्वोत्तम काळ. मार्चनंतर मात्र उन्हे चढण्यापूर्वी परतलेले बरे.

नाणे, करंजगाव, गोवित्री अशी गावे घेत मुख्य रस्ता जांभवलीकडे जातो. तेथून पुढे झाडीत कोंडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे आणि ढाक-बहिरीला जाणाऱ्या गिर्यारोहकांची वाटही तेथूनच सुटते. हा रस्ता बहुतांशी डांबरी आहे. आम्हाला खुणावतात त्या त्याला फुटणाऱ्या कच्च्या वाटा: शेतांकडे, वाड्यावस्त्यांकडे आणि पाण्याच्या कडेने जाणाऱ्या. कुठे लाल मुरूम, कुठे सुटी खडी, कुठे बैलगाडीच्या चाकोऱ्या.

अशा वाटांसाठी अलीकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल मिळू लागली आहे. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. टायर मात्र अडतीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा बेताचीच भरतात. त्यामुळे चाक खडीवरून उसळत नाही, तिला धरून चालते. नाव नवे असले तरी प्रकार आपल्याला परका नाही. दुधाच्या किटल्या अडकवून मावळातील दूधवाले काळ्या, वजनदार सायकली याच मुरमावरून पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले आहेत. आल्प्स पर्वतातही अशा वाटांचा इतिहास नवा नाही. इटलीतील कोले देल्ले फिनेस्त्रे ही खिंड मूळची लष्करी वाट; समुद्रसपाटीपासून २१७८ मीटर उंच. तिच्या माथ्याकडील सुमारे आठ किलोमीटर आजही कच्चे आहेत आणि इटलीची प्रसिद्ध ‘जिरो’ शर्यत २००५ साली प्रथम त्या धुळीतून गेली. २०२२ मध्ये या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इटलीतच झाली.

आल्प्सच्या मानाने वडिवळ्याचे चढ किरकोळ. तरीही कच्च्या वाटेवरचा छोटा चढ शरीराकडून काय मागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. डांबरावर क्षणभर पायडल थांबवले तरी सायकल पुढे घरंगळते. सुट्या खडीवर ती लगेच मंदावते, म्हणून पाय सतत चालवावे लागतात. उभे राहून जोर लावावा, तर मागचे चाक घसरते. हँडल घट्ट धरल्याने हात व खांदे ताणलेले राहतात आणि त्या ताणाने रक्तदाबही चढतो. एरवी शिस्तीत चालणाऱ्या हृदयावर एका मिनिटात दुपटीने काम येऊन पडते.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हे मी पुस्तकाबाहेर शिकलो. गोवित्रीच्या पुढे एका मुरमाड चढावर मला छातीच्या मध्यभागी जडपणा जाणवला. दुखणे असे नव्हे. कुणी तळहात दाबून धरावा तसे. मी थांबलो, पाणी प्यायलो. दोन मिनिटांत सारे निवळले. पहाटे खाल्लेल्या मिसळीवर दोष ढकलून पुन्हा निघालो. शंभर पावलांवर पुन्हा तोच दाब आणि या वेळी खालच्या जबड्यातही काहीसा ओढल्यासारखा भास.

पत्नी मागून आली. माझा चेहरा पाहून तिने सायकल आडवी टाकली.

“काय होतंय?”

“काही नाही गं, ॲसिडिटी आहे. माथ्यावर जाऊन बसू.”

“अहो, हेच एखाद्या पेशंटनं सांगितलं असतं, तर त्याला माथ्यावर जाऊ दिलं असतं का तुम्ही?”

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. अठ्ठावीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात ‘ॲसिडिटी आहे हो डॉक्टर’ असे सांगत आलेले, आणि वेळेत न आलेले, किती चेहरे मी पाहिले होते! तरीही स्वतःपुरता मी तोच शब्द शोधून काढला होता. एका टेंपोवाल्या दादांनी सायकलींसह आम्हाला कामशेतला सोडले. पैसे घ्यायला ते तयार होईनात.

त्या दिवशीचा ईसीजी निर्दोष होता. येथेच अनेक जण फसतात. विश्रांतीच्या वेळी अरुंद झालेली रोहिणीही हृदयाला पुरेसे रक्त देऊ शकते. मागणी वाढली की तिची मर्यादा उघडी पडते. म्हणून लक्षण श्रमाने येते आणि थांबताच जाते. जाते म्हणून ते क्षुल्लक नसते. उलट, हीच त्याची ओळख होय. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढील भागाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत ऐंशी टक्के अडथळा आढळला. स्टेंट बसवावा लागला. वडील साठीत हृदयविकाराने गेलेले, कोलेस्टेरॉल काठावरचे आणि स्वतःची तपासणी चार वर्षे लांबलेली. हे सारे मला ठाऊक होते. सायकल चालवतो, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, या समजुतीने मी ते नजरेआड केले होते.

सायकल सोडावी लागेल, ही धास्ती मात्र खोटी ठरली. हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आधी चालणे, मग सपाट रस्ता असे करीत पुढच्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा वडिवळ्याला आलो. आता काही नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो.

पहिला नियम बोलण्याचा. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत असेल तोवर श्रम बेताचे आहेत; शब्द तुटू लागले की गिअर हलका करावा, तरीही तुटले तर उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. दुसरा, पहिली पंधरा मिनिटे संथ चालवावी. तिसरा, दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातच असतो. चौथा, एकट्याने जाऊ नये आणि कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघावे. पाचवा उताराचा: खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, वेग वळणापूर्वीच कमी करावा. खरचटल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची विचारपूस डॉक्टरांकडे करावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: चाळिशीनंतर डोंगरातील सायकलिंग नव्याने सुरू करणाऱ्यांनी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. घरात हृदयविकार, मधुमेह किंवा धूम्रपान असेल, तर हृदयाच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. छातीत दाब, जबड्यात वा हातात ओढ, अकारण घाम किंवा नेहमीच्या चढावर नवा धाप यांपैकी काही जाणवले, तर तेथेच थांबावे. थांबूनही ते ओसरले नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओसरले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

त्या चढावर आम्ही आजही जातो. मी अर्ध्यावर उतरतो, पत्नी बहुधा पुढे निघून जाते आणि वळणावरच्या जांभळीखाली थांबते. तेथून खाली वडिवळ्याचे पाणी दिसते. ते कुंडलीतून इंद्रायणीला मिळते आणि देहू-आळंदीकडे जाते. आम्ही शेंगदाण्याचे लाडू खातो, थर्मासमधला चहा घेतो. माथ्याला जायचे की परतायचे, हे त्यानंतर ठरते; आणि ठरवते ती.