नागझिरा, चार टॅब आणि काका

आमच्या घराण्याचं एक छोटंसं वेबपान आहे. त्यावर नागझिऱ्याचा एक विभाग हवा, असं सगळ्या चुलत-मावस मंडळींचं ठरलं आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मजकूर भरपूर होता: साकोलीहून पिटेझरी गेटला कसं जायचं, अभयारण्याची माहिती (१९७० सालचं, आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग), फोटो, आणि काकांच्या आठवणी. म्हणजे चार टॅब. एकावर टिचकी मारली की तो पुढे, बाकीचे मागे. भावाने कुठूनतरी एक तयार टेम्प्लेटही आणून दिलं.

आता काका. गोंदियाचे. तरुणपणी सायकलने नागझिरा पालथा घातलेला माणूस. काचबिंदूने दृष्टी गेली, तेव्हापासून कॉम्प्युटर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर वापरतात. (मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये हे सुरू केलं, आणि ते फुकट आहे!) ते टेम्प्लेट त्यांना ऐकायला दिलं, तर फोनवर म्हणाले, "काहून रे, ही बाई तं एका दमात सगळंच वाचून राह्यली. रस्ता कुठं संपला अन् वाघ कुठून सुरू झाला, काही समजतच नाही."

उघडून पाहिलं. चारही मजकूर 'पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट' करून एकावर एक रचलेले, आणि नको ते तीन डावीकडे उणे ९९९९ पिक्सेलवर ढकललेले. डोळ्यांना ते नाहीत, पण कानांना आहेत. जंगलातही तसंच असतं म्हणा. वाघ दिसत नाही, पण चितळाचा कॉल ऐकू येतो. तिथे त्याचा उपयोग होतो, इथे नुसता गोंधळ. टॅबची नावंही साधे 'डिव्ह' होते, म्हणजे कीबोर्डने तिथे पोचताच येत नव्हतं. पडद्याबाहेरच्या लिंकांवर मात्र टॅबची कळ इमानदारीत जाऊन येत होती!

आणखी एक गंमत. अ‍ॅब्सोल्यूट केलेला मजकूर पानाच्या प्रवाहातून बाहेर पडतो, त्यामुळे बाहेरच्या चौकटीला त्याची उंची कळतच नाही. मग ती ठोकून द्यायची, ४०० पिक्सेल. इंग्रजी नमुन्याला ती पुरते. आपल्या वेलांट्या-उकारांना ओळी जरा सुट्याच लागतात. त्यात काकूंनी अक्षर दुप्पट केलं की फोटोखालच्या ओळी सरळ तळटिपेवर चढतात.

बरेच जण म्हणतील, 'डिस्प्ले: नन' कर आणि मोकळा हो. पण स्क्रिप्ट चाललीच नाही तर तीन टॅब कायमचे गडप. म्हणून उलटीकडून सुरुवात केली. आधी साधं पान: चार मथळे, त्यांखाली मजकूर, वर त्यांच्याकडे नेणाऱ्या चार लिंका. एवढ्यावरही काका एच कळ दाबत मथळ्यांवरून उड्या मारू शकतात. स्क्रिप्ट आली तरच त्याचे टॅब होतात. चौघांना ग्रिडच्या एकाच घरात बसवलं, म्हणजे सगळ्यात उंच मजकूर चौकटीची उंची ठरवतो, अक्षर कितीही वाढवा. मागच्या तिघांना 'व्हिजिबिलिटी: हिडन'; त्याने ते कान आणि कीबोर्ड दोन्हींपासून दूर राहतात. छोट्या टॅबखाली मोकळी जागा उरते, ती मला चालते.

वर एरियाच्या खुणा: हा टॅब, हा निवडलेला, हा त्याचा मजकूर. बाणाच्या कळांनी इकडून तिकडे. मग एनव्हीडीए नाव सांगतं, निवडलेला आहे ते सांगतं, चारातला कितवा तेही सांगतं.

परवा काकांनी एकट्यानेच सगळं ऐकलं. जय वाघाचा परिच्छेद दोनदा. २०१३ मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला हा वाघ २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही, आणि काकांना ते अजून लागतं. नंतर म्हणाले, पक्ष्यांचा वेगळा टॅब पाहिजे, मी सांगतो, तू लिही.

पाचवा टॅब मोबाईलवर एका ओळीत मावणार नाही. नावं छोटी करावी लागतील बहुतेक.