दार नसलेले चर्च

५ जून २०१० रोजी, शनिवारच्या संध्याकाळी, बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या वैज्ञानिक कल्पितकथांच्या मालिकेत चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचा एक भाग दाखविला गेला. लहानथोरांनी एकत्र बसून पाहावी अशी ही मालिका. कालयंत्रातून भ्रमण करणारा डॉक्टर, सोबतीला अ‍ॅमी नावाची तरुणी आणि एखादा राक्षस असा तिचा नेहमीचा सरंजाम. त्या दिवशी मात्र भाग संपताच, ज्यांचे मन हेलावले असेल अशा प्रेक्षकांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक देण्यात आला.

रिचर्ड कर्टिस यांनी लिहिलेली ही कथा साधी आहे. ओव्हेर येथील चर्चच्या चित्रात, खिडकीमागे, डॉक्टरला राक्षसाचा चेहरा दिसतो. म्हणून तो १८९० साली व्हिन्सेंटकडे जातो. राक्षसाचे प्रकरण बेताचेच आहे; अनेकांनी तसे म्हटले आणि ते खरे आहे. खरा प्रसंग पुढचा. डॉक्टर व्हिन्सेंटला २०१० सालच्या पॅरिसमधील ओर्से संग्रहालयात नेतो. तेथील जाणकार, समोर कोण उभा आहे हे ठाऊक नसताना, त्याच्या थोरवीविषयी बोलतो आणि हयातीत उपेक्षा भोगलेला तो माणूस ढसाढसा रडू लागतो. त्याच्याबरोबर असंख्य घरांतील प्रेक्षकही रडले. त्या वेळचे पार्श्वगीत अगदी भडक वाटले, अशी तक्रारही काहींनी केली. मला ती तक्रार पटते. तरीही माझे डोळे कोरडे राहिले नाहीत.

परंतु प्रेक्षकांत खरा वाद झाला तो शेवटाबद्दल. आता शेकडो नवी चित्रे दिसतील या आशेने अ‍ॅमी संग्रहालयात धावत येते. नवे काहीच नसते. व्हिन्सेंट ३७ व्या वर्षीच गेलेला असतो, स्वतःच्या हातांनी. मग त्याला नेऊन काय साधले, असे काहींनी विचारले. ज्यांनी स्वतः नैराश्य भोगले होते, त्यांच्यापैकी अनेकांना हाच शेवट प्रामाणिक वाटला. कौतुकाने आजार बरा होत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मात्र चित्रातील खिडकीत आता राक्षस नसतो आणि सूर्यफुलांच्या फुलदाणीवर अ‍ॅमीचे नाव असते. एवढाच फरक पडतो.

अशा मृत्यूनंतर ज्या घरांत मी गेलो आहे, तेथे अ‍ॅमीचाच प्रश्न ऐकला आहे. “फादर, आम्ही इतकी माया केली, ती कुठे गेली?” त्यावर मी आजवर पाठांतराचे उत्तर दिलेले नाही. मायेने त्याचे काही दिवस उजळले, हे मात्र त्या घरच्यांपाशी बसून त्यांच्याकडूनच आठवून घेता येते. कोणी त्याच्या आवडत्या कालवणाविषयी सांगतो, कोणी क्रिकेटविषयी. थोड्या वेळाने कोणीतरी हसतेसुद्धा.

मालिकेत न आलेली एक गोष्ट धर्मगुरू म्हणून मला विसरता येत नाही. २९ जुलै १८९० रोजी व्हिन्सेंट वारला. आत्महत्येमुळे ओव्हेरच्या धर्मगुरूंनी चर्चची शवगाडी नाकारली. ती शेजारच्या मेरी गावातून आणावी लागली. शवपेटीभोवती मित्रांनी सूर्यफुले ठेवली होती. आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारणारा नियम १९१७ च्या कॅनन लॉमध्येही होता; १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. १९९२ चा ‘कॅथलिक श्रद्धाग्रंथ’ तर सांगतो की, गंभीर मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. सेमिनरीत आम्ही नवीच संहिता शिकलो. तरी आजही एखादे कुटुंब दबक्या आवाजात विचारते, “फादर, मिस्सा होईल ना?”

मूळ चित्र व्हिन्सेंटने जून १८९० मध्ये रंगविले. चर्च मागच्या बाजूने दिसते. गडद निळ्या आभाळाखाली त्याच्या खिडक्याही निळ्याच आहेत. समोर वाट दोन्हीकडे फुटते, एक शेतकरी स्त्री पाठमोरी चालली आहे आणि चर्चचे दार कुठेच दिसत नाही.