शेजाऱ्याची खुर्ची

गिरगावच्या चाळीत ज्याचा जन्म गेला, त्याला बर्फ माहीत तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. खरा बर्फ मला भेटला 2015 च्या जानेवारीत, लेकीकडे बॉस्टनला गेलो तेव्हा. महिनाअखेरच्या एका वादळातच दोन फूट पडला. त्या हिवाळ्यात एकूण पडला 110.6 इंच, शहराच्या नोंदीतला तो उच्चांक!

डॉर्चेस्टर भागातल्या त्या गल्लीत तीनमजली लाकडी घरे अगदी दाटीवाटीने उभी. नियम असा, की बर्फ थांबल्यावर तीन तासांत घरमालकाने आपल्यापुढचा फूटपाथ मोकळा करायचा. रात्री पडला तर सूर्योदयापासून तीन तास. वाट साडेतीन फूट रुंद हवी. नियम एक; पण जितके शेजारी तितक्या तऱ्हा! उजवीकडचे गृहस्थ आपल्या हद्दीपर्यंत वडी कापावी तशी सुबक वाट काढीत. पुढे बोटभरही नाही. समोरच्या बाई मोटारीपुरती जागा उपसून तिथे मोडकी खुर्ची ठेवीत. मला चाळीतल्या नळापुढची बादल्यांची रांग आठवली. बादली सरकवणाऱ्याशी जे भांडण, तेच इथे खुर्ची हलवणाऱ्याशी. बर्फाची आणीबाणी उठल्यावर 48 तास नगरपालिकाही या वहिवाटीकडे कानाडोळा करते.

डावीकडचे म्हातारे मात्र फावड्याला हातच लावीत नसत. "देवाने टाकला, देवच नेईल," म्हणत. वर कायदा सांगत, की आपोआप पडलेल्या बर्फावरून कोणी घसरला तर मालक जबाबदार नाही.

"अण्णा, तो जुना दंडक मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच मोडीत काढला," जावई म्हणाले.

झाले! मी म्हाताऱ्यांना आळशी ठरवून मोकळा झालो. जेवताना त्यांची नक्कलही करून दाखवली.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नी लेकीला दारात भेटल्या. म्हाताऱ्यांचे हृदय अधू होते आणि डॉक्टरांनी फावडे बंद केले होते. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात; त्यात ओल्या बर्फाचे ओझे उचलले की हृदयावर भलताच ताण पडतो. तिकडे दर हिवाळ्यात फावडे हातात असतानाच माणसे दगावतात. एके काळी हेच गृहस्थ दोन्ही शेजाऱ्यांचा फूटपाथ साफ करीत. आता होत नाही, हे सांगायची त्यांना लाज वाटे. म्हणून देव आणि कायदा पुढे करीत.

त्या रात्री माझी नक्कल मलाच बोचत राहिली.

पुढच्या बर्फाच्या सकाळी जावयांचे फावडे हद्दीशी थांबले नाही. मागून मी मीठ टाकीत गेलो. म्हातारे खिडकीत उभे होते. ना हात हलवला, ना आभार मानले.

संध्याकाळी जावई कामावरून परतले. सकाळी मोटारीसाठी उपसलेल्या जागेत एक खुर्ची राखण करीत उभी होती. मोडकी नव्हे, चांगली जेवणाच्या टेबलाजवळची.

ती आमची नव्हती.