हॉलंडच्या सपाटींत चुकलेली वाट

सह्याद्रीच्या घाटांत वाट चुकणें आणि हॉलंडच्या सपाटींत वाट चुकणें या अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. घाटांत मुक्कामाचें गांव डोंगराआड दडलेलें असतें; हॉलंडांत तें डोळ्यांसमोर असतें, पण तेथें जातां येत नाहीं. रॉटरडॅमच्या पूर्वेस आल्ब्लासरवार्ड नांवाचा जो सखल प्रदेश आहे, तेथें आम्हां चौघां मित्रांस याचा पुरता प्रत्यय आला.

आमचा प्रवास वाटाड्यावांचूनचा होता. व्यवस्था पाहणारी मंडळी सायकली व वाटेचा कागद देतात, सामान मोटारीनें पुढच्या गांवीं पोंचवितात. बाकी आपण आणि आपलें दैव. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून गाजत होतें त्या काळीं आम्ही तेथें वाढलों. तेव्हां सायकलीचें भय आम्हांस कसलें! परंतु त्या उंच डच सायकलींस हातांत ब्रेकच नव्हता. पायडल उलटें दाबलें म्हणजे ती थांबते. आमच्यांत वडील म्हणून ज्यांस आम्ही अण्णा म्हणतों, त्यांचा पहिला अर्धा तास मोकळ्या मुठी आवळण्यांतच गेला.

त्या देशांत सायकलींच्या वाटा जेथें मिळतात त्या नाक्यांस अंक दिलेले आहेत. ही युक्ति १९९५ सालीं शेजारच्या बेल्जममधील लिंबर्ग प्रांतांत प्रथम अमलांत आली. ती सुचली एका खाणींतील इंजिनियरला. गांवांचीं अवघड नांवें घोकावयास नकोत. अंकांची माळ कागदावर उतरून घ्यावी आणि पाट्या पाहत पुढें जावें. योजना नामी खरी. मात्र माळेंतील एक मणि गळाला कीं पुढचे सारे निरुपयोगी.

किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या पाहून आम्ही निघालों. त्यांतील बहुतेक १७३८ ते १७४० या काळांतील असून १९९७ पासून जागतिक वारशांत गणल्या जातात. त्या दळणाच्या नव्हत. शेतांतील पाणी उपसून नदीकडे लोटण्यासाठीं उभारलेल्या. हा सारा मुलूख मूळचा दलदलीचा. लोकांनीं चर खणून पाणी काढलें. ओली जमीन वाळली तशी खचली. खचली म्हणून आणखी उपसावें लागलें. असें शतकानुशतकें चालून ती आज समुद्राच्या पातळीखालीं गेली आहे, आणि चक्क्यांचें काम पंपांवर आलें आहे. शेतांच्या लांबच लांब पट्ट्या आणि दर दोन पट्ट्यांमध्यें पाण्याचा चर. आपल्या कोंकणांतल्या खाचरांस बांध असतो, त्यावरून पलीकडे जातां येतें. येथें बांधाच्या जागीं पाणी!

मोलेनार्सग्राफ गांव मागें टाकल्यावर वाट दुरुस्तीसाठीं बंद असल्याची पिवळी पाटी लागली. तिच्या बाणाप्रमाणें आम्ही वळलों, पुन्हां वळलों, आणि मग बाणही संपले व अंकही संपले. आमच्या कागदावर या वळणाचा उल्लेख नव्हता. वकीलसाहेबांनीं मोबाइल काढला. त्यानें दाखविलेली जवळची वाट एका गोठ्यापाशीं गेली आणि कुलूप लावलेल्या फाटकाशीं संपली. उत्तरेस चर्चचा मनोरा स्पष्ट दिसत होता. पण मध्यें किती चर होते कोण जाणे!

एवढ्यांत अण्णा सायकलीवरून उतरले. कपाळावर घाम, हात कांपत होते. त्यांना मधुमेह आहे. औषध सकाळींच झालें होतें आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. खिशांतली खडीसाखर त्यांस लगेच दिली व थोडी हुशारी आली. परंतु नुसती साखर फार वेळ पुरत नाहीं. पाठोपाठ अन्न पोटांत गेलें पाहिजे, हें घरांत मधुमेही माणूस असणाऱ्यांस सांगावयास नको. आणि तो रविवार! हा भाग कडव्या प्रॉटेस्टंटांचा. रविवारीं दुकान उघडें नाहीं, शेतांत चिटपांखरूं नाहीं. त्या शांततेचें आम्ही सकाळीं कौतुक केलें होतें. आतां ती अंगावर येऊं लागली.

प्रार्थना आटोपून काळ्या पोषाखांतली एक प्रौढ बाई व तिचे यजमान सायकलींवरून आले. आम्हीं हात केला. अण्णांकडे पाहतांच बाईनें फारसें विचारलें नाहीं; जवळच्या आपल्या घरीं नेऊन बेदाण्यांचा पाव, लोणी आणि दूध पुढें ठेवलें. “मांस यांत नाहीं,” असें तिनें आपण होऊनच सांगितलें. जेवणापूर्वीं उभयतांनीं डोळे मिटून प्रार्थना केली, तेव्हां अण्णांचाही हात नकळत चित्राहुतीसाठीं पाण्याच्या पेल्याकडे गेला.

निघतांना यजमानांनीं वाट सांगितली, तींत अंक नव्हते कीं गांवांचीं नांवें नव्हतीं. पाणी डाव्या हातास ठेवा, पांढरा पूल येईपर्यंत सोडूं नका. पूल ओलांडून रुंद पाण्याच्या कडेनें थेट धरणापर्यंत जा. रस्ते मागाहून झाले, चर आधींचे, हें आमच्या ध्यानांत तेव्हां आलें. तरी ते पांढऱ्या पुलापर्यंत आमच्याबरोबर आलेच.

तासाभरानें आम्ही मातीच्या उंच धरणावर चढलों. पलीकडे लेक नदी होती, आणि तिचें पाणी आम्ही ज्या रस्त्यानें आलों त्याहून वर होतें! वकीलसाहेब मागें वळून त्या शेतांकडे बराच वेळ पाहत राहिले. पैलतीरावर स्कोनहोवेनचीं घरें दिसत होतीं. तर अजून त्या कांठालाच होती. ती येईपर्यंत अण्णांनीं उरलेली खडीसाखर सर्वांस वांटली.